धुतलं की गेलं

धुळ्याच्या पुढे, पांझरेच्या काठी देवरे मॅडमचं माहेर. गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या दिवशी मी त्या गावच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि समोर पहिला दिसला तो फ्लेक्स. वीस फूट तरी लांब असेल. मधोमध मॅडम, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली शोकाकुल म्हणून चौदा बाप्यांचे फोटो. त्यांतल्या दोघांनी गॉगल लावलेले. मॅडमच्या डोक्यावर केस होते. दाट, काळेभोर, खांद्यावरून पुढे सोडलेली जाडजूड वेणी. कुठल्या तरी नटीचे कापून आणून चिकटवलेले. ओठांना लालीसुद्धा. ज्या बाईचे केस दीड वर्षापूर्वी गेले आणि जिने शेवटपर्यंत बोडक्या डोक्याला रुमाल बांधला नाही, तिला मेल्यावर नटवून रस्त्यावर उभी केलेली.

मांडवाच्या दारात त्यांचा भाऊ उभा होता. भटू. गावात त्याला आप्पा म्हणतात. मला बघून पुढे आला, हात जोडले आणि म्हणाला, "मॅडम, फ्लेक्स पाह्यला का? केस बरे दिसताय ना अक्काचे?" या माणसासाठी माझ्या तोंडात वर्षभर शिव्या जमलेल्या होत्या. जळगावपासून तिथवर मी त्या मनात घोळवतच आले होते. पण मी नुसती मान हलवली आणि आत जाऊन बायकांत बसले. मी गप्प का बसले, ते सांगायचंय.

आधी माझी एक खोड सांगून टाकते. मला किळस फार लवकर येते. कपाच्या कडेला दुसऱ्याच्या ओठाचा डाग दिसला तर मी तो चहा पीत नाही आणि मग दिवसभर दुसराही पीत नाही. कोणी शेजारी बसून दात कोरले की माझं जेवण संपलं. घरातले याला नखरे म्हणतात. म्हणू देत.

देवरे मॅडम नेमक्या उलट्या. जळगावला आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी इतिहास. स्टाफरूममध्ये आमची टेबलं लागून, आणि राहायला एकाच गल्लीत समोरासमोर. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. मी रावेरची, म्हणून मला 'केळीवाली' म्हणायच्या, मुख्याध्यापकांसमोरसुद्धा. बुटक्या, सावळ्या, चालताना डावा खांदा जरा पुढे. साडी नेहमी घोट्याच्या वर खोचलेली, कारण कधी काय साफ करायची वेळ येईल सांगता येत नाही. पर्समध्ये एक चपटी स्टीलची डबी आणि तिच्यात साबणाची अर्धी वडी. नवी वडी आणली की सुरीने तिचे दोन तुकडे करायच्या. एक घरात, एक डबीत. वर्गात कोणाला उलटी झाली, कोणाच्या नाकाचा घोळणा फुटला, पहिल्यांदा पाळी आलेली पोर बाकावरून उठेना, की मुली दुसऱ्या कोणाकडे जायच्याच नाहीत. मॅडम जायच्या, हातानं सगळं आवरायच्या, डबी उघडून कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि पुन्हा फळ्यापाशी. कोणी नाक मुरडलं तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "त्यात काय? धुतलं की गेलं."

दहावीला हृदयाचा धडा आला की त्या सकाळी मटण मार्केटला जाऊन बकऱ्याचं हृदय आणायच्या. ते आणायच्या जेवणाच्या डब्यात. आमचे दोघींचे डबे एकाच बोहारणीकडून घेतलेले, हुबेहूब सारखे. एकदा मधल्या सुट्टीत मी भाजीचा म्हणून डबा उघडला आणि पुढे काय झालं ते मला नीटसं आठवत नाही. खिडकीतून खालच्या कुंडीत मी सकाळचा नाश्तासुद्धा काढला, एवढं लोक सांगतात. मॅडमनी एका हातानं झाकण लावलं आणि दुसऱ्या हाताचा पंजा माझ्यासमोर धरला, चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा. "तू बाहेर थांब. मी बघते." मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. त्यांनी कुंडी धुतली, खिडकी धुतली, हात धुतले आणि कळण्याची भाकरी-ठेचा काढून तिथेच जेवायला बसल्या. त्या खोलीत मी आठवडाभर जेवले नाही.

दुसऱ्या एका वर्षी तपासणीच्या दिवशीच मुलींची मुतारी तुंबली. मुख्याध्यापकांनी काय करावं? दाराला कुलूप लावलं आणि वर 'दुरुस्ती चालू' असा कागद चिकटवला. साहेब जाईपर्यंत सातशे मुलींनी कळ काढायची. तेव्हा मला त्या मुतारीपेक्षा त्या कागदाची किळस जास्त आली होती, पण मी केलं काहीच नाही, नुसती चरफडत बसले. मॅडमनी शिपायाकडून किल्ली हिसकावली, साडी खोचली, बांबू घेतला आणि आत गेल्या. मी चार पावलं मागे. दारातून वास आला तशी माझी पावलं थबकली. त्यांनी मागे न बघताच पंजा वर केला. "तू बाहेर थांब, केळीवाली." वीस वर्षांत तो पंजा मी किती वेळा पाहिला याला गणती नाही. दर वेळी मी खरंच बाहेर थांबायचे, आणि बाहेर थांबून मुख्याध्यापकांना, शिपायाला, सरकारला नावं ठेवायचे. मॅडम हसून म्हणायच्या, "तुझं तोंड चालतं, माझा हात चालतो. दोन्ही लागतात."

भटू त्यांचा एकुलता एक भाऊ, बारा वर्षांनी लहान. तो झाला तेव्हापासून त्यांची आई अंथरुणाला खिळली, म्हणून या पोरीनंच त्याला कडेवर वाढवला. मॅडमचे यजमान लग्नानंतर सहाच वर्षांत अपघातात गेले, मूलबाळ नव्हतं. मग भटूला शिकायला जळगावला आणला. तो दोनदा बारावी नापास होऊन गावी परत गेला आणि पुढारी झाला. गेली पाच वर्षं तो 'भावी जिल्हा परिषद सदस्य' आहे. वाढदिवसाला फ्लेक्स, पोळ्याला फ्लेक्स, कोणाच्या पोराला नोकरी लागली तरी कोपऱ्यात याचा फोटो. पांढरे कडक इस्त्रीचे कपडे, हातात जाड कडं, आणि दर दोन तासांनी मोबाइलवर नवं स्टेटस. मी तोंड वाकडं केलं की मॅडम म्हणायच्या, "लोकांचा आप्पा असेल तो. माझ्या मांडीवर हगलाय-मुतलाय, मला काय सांगतेस?" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दर वर्षी तो मुराळी म्हणून त्यांना न्यायला यायचा, गाडीवर स्वतःचाच फोटो चिकटवलेला. आणि मॅडम नव्या नवरीसारख्या पिशवी भरून दारात तयार असायच्या.

दीड वर्षापूर्वी शिकवता शिकवता मॅडमच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मांड्यांवर काळेनिळे डाग. लॅबमध्ये रक्त तपासलं तर तिथल्या माणसाचा चेहराच उतरला. मॅडमनी त्याला बाजूला सारून स्वतःचं रक्त सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मुलींना पांढऱ्या पेशी शोधायला लावल्या. एका ठिकाणी इतक्या कधी दिसल्या नव्हत्या गं." रक्ताचा कॅन्सर, आणि तोही घाईतला. मुंबईला मोठ्या दवाखान्यात केमो झाली, केस गेले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्यानं भागणार नाही, दुसऱ्याच्या मूळपेशी घालाव्या लागतील. भटूच्या तपासल्या. तंतोतंत जुळल्या.

त्यानं दिल्या, हे खरं. पाच दिवस इंजेक्शनं घेतली, यंत्राला दोन्ही हात लावून चार तास पडून राहिला. मॅडमचा रक्तगट बदलून भटूचा झाला. त्याचं त्यांना केवढं अप्रूप. "माझ्या अंगात आता सगळं भटूचंच रक्त. निवडणुकीला उभी राहू का?" असं मला फोनवर विचारलं होतं.

श्रावणात त्या जळगावला परत आल्या आणि मग जे सुरू झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. डॉक्टरांनी बजावलं होतं: गर्दी नको, फुलं नकोत, कच्चं काही नको, आलेल्यानं तोंडाला फडकं बांधायचं. कारण नव्या रक्तानं अंगाशी भांडू नये म्हणून ज्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी अंगातली सगळी ताकद दाबून ठेवलेली होती. पण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे मेलेल्याच्या दारावर न जाण्याइतकं मोठं पाप. गावाहून टेम्पो भरून माणसं आली. झेंडूचा हार, केळीचा घड, कुठल्याशा बुवाचा अंगारा, पाण्याच्या बाटलीत गोमूत्र. एका चुलतमावशीनं मॅडमच्या तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "अवं तोंड तं दाखाड बाय." आणि तंबाखू मळलेल्या हातांनी गालांवरून अलाबला घेतली. एक जण बेसिनमध्ये गुटख्याची पिंक टाकून वर नळही न सोडता बाहेर आला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मॅडमनी पंजा वर केला, मला बाहेर पाठवलं, आणि सगळे गेल्यावर एक एक जागा साबणानं पुसत बसल्या.

राखीपौर्णिमेला भटूनं गावात स्वतःचा सत्कार करवला. फाट्यावर फ्लेक्स लागला: 'बहिणीला जीवदान देऊन कॅन्सरमुक्त करणारे बंधुरत्न'. एका बाजूला त्याचा हसरा फोटो, दुसऱ्या बाजूला मॅडमचा, दवाखान्यातला, नळ्या लावलेला. तो त्यानं न विचारता काढला होता. मी तो फ्लेक्स मोबाइलवर पाहिला आणि मॅडमना म्हटलं, "शरम वाटायला पाहिजे याला." मॅडम म्हणाल्या, "दिलंय ना त्यानं? मग मिरवू दे." असल्या वेळी मला त्यांचाही राग यायचा.

चैत्रात मुंबईला तपासणी झाली. तीन दिवसांनी मॅडमनी मला घरी बोलावलं. टेबलावर कागद होता. म्हणाल्या, "शिल्लक आहे." मला कळेना. मग नेहमीच्या वर्गातल्या आवाजात त्यांनी समजावलं. डोळ्यांना दिसत नाही, साध्या तपासणीत सापडत नाही, पण हजारो पेशींत एखादी जुनी, कॅन्सरवाली, अजून दडून बसलीय. आत्ता मारली तर बरं, नाहीतर सहा महिन्यांत सगळं शेत तिचं. डॉक्टरांनी दाबून ठेवणाऱ्या गोळ्या कमी करायला सांगितल्या होत्या. नवी इंजेक्शनं सुरू केली होती. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्यानं मूळपेशी दिल्या त्याच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी पुन्हा हव्या होत्या. पहिल्या वेळच्या ठेवलेल्या नव्हत्या. "आता त्यांनी आत जाऊन भांडायचं," मॅडम म्हणाल्या. "शिल्लक राहिलेलीला शोधून मारायचं. भटू आला की झालं." मग कागदाची घडी घालता घालता म्हणाल्या, "धुतलं की गेलं म्हणायचे मी. हे नाही गेलं गं." आवाज तोच होता. मी मात्र घरी येऊन रडले.

भटूला फोन केला, तर "येतो, येतो." दुसऱ्या दिवशी बाहेरगावी. मग मीटिंग. मग फोन बंद. डॉक्टरांनी तीन आठवड्यांच्या आत म्हटलं होतं, त्यातले दोन असेच गेले. शेवटी मी त्याच्या बायकोला गाठलं. ती बिचारी खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, त्यांना जाणं जड जातंय. गावात म्हणताय ना लोक, आप्पाचं रगत कामात नही उनं. फाट्यावर अजून बोर्ड शे ना, कॅन्सरमुक्त म्हणून. आता परत गेलं तं काय तोंड दाखवायचं? बोर्ड उतरवला तरी लोक हसतील."

बहीण मरतेय आणि याला फ्लेक्सची काळजी. मुतारीच्या दारावरचा कागद बरा म्हणायचा. मी तशीच समोर गेले आणि मॅडमना सगळं सांगून टाकलं. वर दोन शब्द माझे घातले. म्हटलं, "तुमच्या या भावाची मला इतकी किळस येते ना, की त्याचं रक्त तुमच्या अंगात आहे हे आठवलं तरी कसंतरी होतं." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. "आखाजी परवा आहे," म्हणाल्या. "या वर्षी मुराळी येत नाही, तर आपण जाऊ. गाडी सांग."

उन्हं रणरणत होती. मॅडम तोंडाला दोन फडकी बांधून, डोकं बोडकं ठेवून मागच्या सीटवर आडव्या झाल्या होत्या. गावात निंबाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या, बापे ओट्यांवर पत्ते कुटत बसले होते. मारुतीच्या पारावर भटूचा कार्यक्रम होता: गावच्या माहेरवाशिणींना साड्यांचं वाटप. मागे तोच बंधुरत्नवाला फ्लेक्स फाट्यावरून आणून लावलेला. मॅडमना बघून भटूचा चेहरा पांढरा पडला. पण चार माणसांत काय करणार? त्यानं खुर्ची दिली, साडी दिली, फोटो काढून घेतला. मॅडम उठल्या आणि त्याच्या हातातून माइक घेतला. मला वाटलं, आता ही बाई त्याची सालटी काढणार. मला तेच हवं होतं.

"मी या गावनी लेक," त्या अहिराणीत बोलायला लागल्या. मला त्यांची अहिराणी अर्धीच कळते, पण ते बोलणं मला पुरं कळलं. "फरदड काय ऱ्हास, ते तुम्हले मी काय सांगू? कापूस वेचाई जास, वावर रिकामं दिसस. पन पऱ्हाटी तशीच उभी ठेवी तं एखादा बोंडमा अळी ऱ्हाई जास. मना आंगमा तशी एक अळी ऱ्हाई जायेल शे. डॉक्टरले सापडनी."

पत्तेवालेसुद्धा इकडे बघायला लागले. दर वर्षी शेतकी खात्याची गाडी गावात फिरून 'फरदड घेऊ नका, बोंडअळी राहते' म्हणून ओरडते, त्यामुळे लहान पोरालाही त्या बोलण्याचा अर्थ लागला.

"भटूनं रगत खोटं नव्हतं," मॅडम पुढे म्हणाल्या. "त्या रगतवरच मी आठे उभी शे. पन नाना, तुम्हीच सांगा, एक फवारामा बोंडअळी मरस का कधी?"

पुढे बसलेले म्हातारे नाना मान हलवत म्हणाले, "नही मरस, बाय. दोन-तीन तं मारनाच पडतस."

"मंग? भटू दुसरा फवारा माराले परवा मुंबईले येस." माइक परत भावाच्या हातात दिला आणि त्या खाली बसल्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भटूच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यानं माइक तोंडाशी नेला आणि घोषणा केली की बहिणीसाठी दोनदा काय, दहादा रक्त देईन. परतीच्या वाटेवर मी मॅडमवर चिडले. म्हटलं, ज्यानं तोंड लपवलं त्यालाच तुम्ही पुन्हा मोठा केलात. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "मला रक्त हवं होतं गं. त्याची मान खाली घालून काय करू?"

तो मुंबईला आला. यंत्राला हात लावल्यावर अंगठा वर केलेला फोटो काढला आणि स्टेटसला टाकला: 'दुसरा फवारा'. खाली दोनशे जणांनी हात जोडले. मला शिसारी आली. डॉक्टरांनी त्या पेशी मॅडमच्या अंगात सोडल्या आणि सांगितलं, आता वाट बघायची. भांडण व्हायला हवं, पण बेतानं व्हायला हवं. त्या पेशी कॅन्सरशी भांडतील तेव्हा थोडं अंगाशीही भांडतील.

महिन्याभरानं तळहात लाल झाले, मिरच्या कांडल्यासारखे. मग अंगभर पुरळ, तोंडात फोड. मॅडमना गंमत वाटत होती. "लहानपणी गल्लीतल्या पोरांनी मला ढकललं तरी हा घरात लपून बसायचा," म्हणाल्या. "आता बघ, पहिल्यांदा माझ्यासाठी भांडतोय. त्याला कुठे थांबायचं तेवढं कळत नाहीये." आणि खरंच, ते थांबलं नाही. आतड्यांवर गेलं. जुलाब सुरू झाले, दिवसातून वीस-वीस वेळा. मुंबईहून सांगितलं, ताबडतोब घेऊन या. रुग्णवाहिका संध्याकाळी निघणार होती. तोवर जळगावातल्याच एका खासगी दवाखान्यात सलाईन लावलं.

पुढचं आधीच सांगते. मुंबईला त्या नऊ दिवस होत्या, औषधं लागू पडली नाहीत. शेवटच्या तपासणीत कॅन्सरची एकही पेशी सापडली नाही, हे भटूनं मला, त्या गेल्याचं कळवलं त्याच फोनवर सांगितलं. पण मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी दुपारी, जळगावात.

त्यांच्या कपड्यांची पिशवी घेऊन मी खोलीच्या दारापर्यंत गेले. दार अर्धं उघडं होतं. वास आला. मॅडम कुशीवर पडल्या होत्या आणि चादर, गाऊन, पाय, सगळं भरलेलं होतं. सिस्टरनं मावशीला हाक मारली होती, मावशी जेवायला गेलेली. वीस वर्षं शेजारी राहिले, त्यांच्या हातचं जेवले, त्यांच्यासाठी जगाशी भांडले. आणि त्या दारातून पाऊल आत पडेना. पदर नाकाला लावून मी भिंतीला टेकले.

तेवढ्यात जिन्यावरून भटू आला. धुळ्याहून थेट, पांढरे इस्त्रीचे कपडे, हातात कडं, कानाला फोन. आत एक नजर टाकली. फोन बंद करून खिशात घातला, कडं काढून खिडकीत ठेवलं, बाह्या वर सारल्या. मग वाकून बहिणीच्या पाठीखाली हात घातला.

"राहू दे भटू," मॅडम म्हणाल्या. "मावशी येईल."

"तू मन्हं काढेल शे ना, अक्का? आते मी काढस. आठे वळ."

मॅडमनी त्याचा दंड धरला. मग हळूच म्हणाल्या, "साबण पर्समा शे. डबीमा."

त्यानं डबी शोधली. बादली आणली, फडकं ओलं केलं आणि पुसायला लागला. पांढऱ्या शर्टाला लागत होतं, त्याचं त्याला भानही नव्हतं. तोंडावर एक आठी नाही. तोंडानं काहीतरी बडबडत होता, गावातल्या कुठल्या म्हशीची गोष्ट, आणि मॅडम बारीक हसत होत्या. मी पुढे ते नऊ दिवस रोज त्याचं स्टेटस उघडून बघत होते. वाटलं होतं, हेही टाकेल. कधी टाकलं नाही, गंधमुक्तीपर्यंत कुणाजवळ बोललासुद्धा नाही. म्हणून त्या फ्लेक्सवरच्या केसांबद्दल मी बोलू शकले नाही. त्या दुपारी मला किळस आली ती माझी, आणि ती अजून धुतली गेलेली नाही.

त्यानं त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवलं, तेव्हा मॅडमचं तोंड दाराकडे झालं. बोडकं डोकं भावाच्या खांद्याला टेकलेलं, सालं गेलेले ओठ, डोळे मात्र तेच. त्यांनी मला पाहिलं. पदर नाकाला लावलेली, भिंतीला चिकटलेली. सलाईन लावलेला हात त्यांनी गादीवरून कसाबसा उचलला आणि लालभडक पंजा माझ्याकडे केला.

मी बाहेर थांबले.